पाचवं शील काय फक्त गल्लीतल्यांनी पाळायचं?

काल रात्री तापलेलं डोकं अजून उतरलेलं नाही. काल, १० जुलै २०२५ ला, आसान्हा बुचा, म्हणजे आपली आषाढी पौर्णिमा, आज खाओ फान्सा, म्हणजे भिक्खूंच्या वर्षावासाचा, पावसाळी मुक्कामाचा, पहिला दिवस. थायलंडमध्ये लागोपाठ दोन दिवस दारूविक्री बंद. बंद तर बंद. बँकॉकच्या रेस्टॉरंटमध्ये नोकरी करायची म्हणजे वर्षातले हे बौद्ध सणांचे पाच दिवस धरूनच चालायचं, आणि त्याबद्दल माझी आजवर कधी तक्रार नव्हती. पण हे बंद नेमकं कोणासाठी असतं, ते काल डोळ्यांनी बघितलं आणि संतापलो.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या रेस्टॉरंटमध्ये पुण्याचा एक मोठा ग्रुप आला. दोन टेबलं जोडून दिली. बसल्या बसल्या, मेनू न उघडता, "दादा, आधी थंडगार बियर येऊ द्या, मग बघू जेवणाचं." मी म्हटलं, आज आणि उद्या मिळणार नाही, सण आहे, कायद्यानेच बंदी आहे. दारावर तीन भाषांत पाटी आहे, त्यातली एक हिंदी. बियरच्या फ्रिजवर पांढरी चादर टाकून चारही कडांना तपकिरी चिकटपट्टी मारलेली, वर तारखांचा कागद. एवढं सगळं ओलांडून माणसं आत येतात आणि विचारतात, "म्हणजे अजिबातच नाही?"

अजिबातच नाही.

मग नेहमीचं सुरू. "तुम्ही मराठी ना? आपल्या माणसालाच नाही म्हणता?" दुसरा म्हणतो, "चहाच्या किटलीत द्या की, कप ठेवा समोर, कोण बघतंय?" तिसरा पाकीट काढून टेबलावर ठेवतो, जसं काही मी भाव वाढवायला थांबलोय. पकडलं गेलं तर विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजार बाटपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हे मी सांगतोय आणि समोरचा हसतोय. का नाही हसणार? तो रविवारी परत जाणार. माझा व्हिसा आणि माझं वर्क परमिट या नोकरीवर आहे.

आणि मग त्यांच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "अहो, पण आम्ही थोडेच बौद्ध आहोत!"

मी आहे. नागपूरचा आहे. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात 'मी दारू पिणार नाही' हीसुद्धा होती, आणि आजोबांनी ती मरेपर्यंत पाळली. आमच्या घरात रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जातं, दारू-नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील, 'सुरामेरयमज्ज', म्हणताना आईचा आवाज अजूनही जरा चढतो, कारण आमच्या वस्तीत दारूने किती घरं धुळीला मिळाली ते तिने बघितलंय. मी पीत नाही. इतकी वर्षं लोकांच्या पुढ्यात बाटल्या उघडतोय, एक घोट घेतलेला नाही. पोटासाठी विकतो, आणि विकतो हे आईला माहीत आहे. त्यामुळे बौद्ध असणं म्हणजे काय ते मला टेबलावर पाकीट ठेवणाऱ्याने शिकवू नये.

पण खरा धक्का त्यानंतरचा. त्यांच्यातल्या एका बाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे मोठं हॉटेल आहे, त्याच्या गच्चीवर बार आहे. दिवे लखलखत होते, संगीत खाली आमच्या दारापर्यंत येत होतं. "मग तिथे कसं चालतं?" म्हणाल्या.

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देताना जीभ जड झाली. तिथे चालतं, कारण सरकारने तसं ठरवलंय. मे महिन्यात, विसाखा बुचाच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, तोंडावर राजपत्रात आदेश आला. आंतरराष्ट्रीय विमानतळ, हॉटेलं, परवानाधारक मनोरंजनाची ठिकाणं आणि त्यांच्यासारखी पर्यटन भागातली ठिकाणं, शिवाय मोठ्या राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांच्या जागा, एवढ्यांना या पाच दिवशी विक्रीची मुभा. बाकीच्यांना बंदी कायम. म्हणजे आम्ही. बारा-चौदा टेबलांची रेस्टॉरंटं, नूडल्सवाल्या बाईच्या हातगाडीशेजारची चार खुर्च्यांची जागा, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. मे महिन्याच्या आधी, विमानतळावरची ड्यूटी फ्री दुकानं सोडली, तर सगळे एका पंगतीत होते. आम्हीही बंद, गच्चीही बंद. गिऱ्हाईक चिडायचं, पण निदान सगळ्यांवर सारखं चिडायचं.

आता काय झालंय? माखा बुचा, विसाखा बुचा, आसान्हा बुचा, खाओ फान्सा, ऑक फान्सा (वर्षावासाचा शेवट), हे पाचही दिवस पवित्र आहेत, पण लिफ्टने चढून वर गेलं की ते पवित्र राहत नाहीत. आमच्याकडे १६० बाटची मोठी बाटली विकली तर धर्म बुडतो. तिथे ३५० ची छोटी बाटली, वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, वर सात टक्के व्हॅट लावून विकली की ते पर्यटन. सरकार म्हणतं यंदा पर्यटक घटलेत, त्यांना आकर्षित करायचंय. मग आमच्याकडे जेवायला येतात ते कोण आहेत? ते विमानाने नाही आले?

दोन पर्याय होते, दोन्ही सरळ होते. एक, दिवस पवित्र मानायचा आणि सगळीकडे कुलूप लावायचं, राजवाड्यासमोरच्या हॉटेलापासून ते आमच्या गल्लीपर्यंत. मला हा पर्याय मनापासून मान्य आहे. दोन, पिणं न पिणं ज्याच्या त्याच्यावर सोडायचं आणि सगळ्यांना मुभा द्यायची. हाही मला मान्य आहे, कारण शील पोलिसाच्या धाकाने पाळायची गोष्टच नाही. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा लोकांच्या तोंडून म्हणवून घेतली, कोणाच्या दारावर शिपाई बसवले नाहीत. पण यांनी तिसराच रस्ता काढला. ज्याच्याकडे मोठा परवाना, त्याला धर्मातून सूट. ज्याच्याकडे छोटा, त्याने देशाचं पुण्य सांभाळायचं. याला कुठलाही भिक्खू धम्म म्हणणार नाही.

ग्रुपचं पुढे काय झालं तेही ऐका. दोघं-तिघं पापड मागवून टेबल धरून बसले, बाकीचे समोर गच्चीवर गेले. "तासाभरात येतो हो दादा, जेवण इथेच." सणाची गर्दी, दारात लोक उभे, आणि माझी दोन टेबलं अडकलेली. तासाचे दोन तास झाले. आले तेव्हा आवाज चढलेले. बिर्याणी आली तर "गार आहे". परत गरम करून दिली तर "कोरडी आहे". एकाने हात हलवताना ताकाचा जग पाडला, तो पुसायला पोरगा वाकला तर त्याला बाजूला सरकायला सांगितलं, सेल्फी काढायची होती. दारू विकून नफा झाला समोरच्याला. ती उतरेपर्यंत सांभाळायची आम्ही. रात्री एक वाजता फोनवर बघतो तर एक तारा. "बियर नाही. स्टाफ उर्मट. मराठी माणूसच मराठी माणसाला मदत करत नाही."

मदत! पाच दिवसांपूर्वी, ६ तारखेला, आषाढी एकादशी होती. त्या दिवशी पुण्यात ड्राय डे होता की नव्हता? तिथे कुठल्या परमिट रूममध्ये जाऊन "मी वारकरी नाही, मला द्या" म्हणालात का? नाही म्हणालात. आदल्या दिवशी आणून ठेवली असेल, नाहीतर गप्प बसला असाल. २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, अनंत चतुर्दशी, निवडणुकीआधीचे अठ्ठेचाळीस तास, सगळं बिनबोभाट चालतं. परदेशात उतरलं की मात्र दुसऱ्याचा सण म्हणजे आपल्या सुट्टीतला अडथळा होतो. आषाढी पौर्णिमेला सारनाथला बुद्धांचं पहिलं प्रवचन झालं. सारनाथ काही थायलंडमध्ये नाही. आपल्या मातीतली गोष्ट इथल्या लोकांनी जपली, आणि तिच्यावर नाक मुरडायला आपली माणसं विमानाने येतात.

आता आमच्या आतली गोष्ट. बार काउंटरवर म्यानमारचा एक पोरगा आहे, रोजंदारीवर. बंदीच्या दिवशी काउंटरच बंद, म्हणून मालकांनी त्याला दोन दिवस येऊ नको म्हणून सांगितलं. बिनपगारी. १ जुलैपासून बँकॉकमध्ये किमान रोजी ४०० बाट झाली म्हणून तो खूश होता, लगेच पुढच्या आठवड्यात ८०० बाट गेले. तोही बौद्धच. सणाच्या दिवशी बौद्ध पोराची रोजी बुडते आणि गच्चीवरच्या बारमध्ये जास्तीची माणसं लावतात, याला धर्मरक्षण म्हणायचं? मालकांशी यावरून भांडलो. म्हणाले, धंदा निम्म्यावर येतो, मी कुठून देऊ? त्यांचंही खोटं नाही. पण मग ती निम्मी गेलेली रक्कम कोणाच्या गल्ल्यात गेली ते खिडकीतून दिसतंच आहे.

आणि जे चोरून विकतात त्यांचं काय? पुढच्या गल्लीत काल स्टीलच्या मगातून बियर वाहत होती. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मगावर झाकण, आत फेस, गिऱ्हाईक चहा प्यायल्यासारखं फुंकर मारतंय. त्यांच्यावर कधी धाड पडल्याचं ऐकलं नाही. आमच्याकडे मात्र मागच्या वर्षी कोणीतरी येऊन फ्रिजची चिकटपट्टी नीट लागली आहे का, हे बोट फिरवून बघून गेलं होतं. सरळ वागणाऱ्यालाच तपासायचं, कारण तो सापडतो.

दुपारी दोन ते पाचच्या विक्रीबंदीबद्दल तर मी बोलायचं सोडूनच दिलं होतं, पण आता विषय निघालाच आहे. १९७२ पासूनचा नियम, आता २०२५ मध्येही चालू. अकरा ते दोन विका, दोन ते पाच थांबा, पाचला परत सुरू. म्हणे सरकारी नोकरांनी दुपारी पिऊ नये म्हणून. अर्धशतक झालं! इथे येणारं गिऱ्हाईक बॅग टाकून अडीच वाजता जेवायला बसतं, त्याचा आणि त्या काळच्या कारकुनाचा काय संबंध? पावणेदोनला टेबलावर चार-चार बाटल्या एकदम मागवून ठेवतात, भराभर पितात, आणि कडक उन्हात बाहेर पडून फुटपाथवर ओकतात. पिणं कमी करायचा नियम माणसाला घाईने प्यायला लावतो. आणि जाहिरातीचा नियम वेगळाच. मेनूचा फोटो टाकताना मागे बियरच्या ब्रँडचा ग्लास दिसला तरी मला घाम फुटतो, कारण दंड पाच लाख बाटपर्यंत जातो. आमच्या हिशोबात ते रेस्टॉरंट विकण्यासारखं आहे.

खरंच दारू सोडवायची असेल तर ती कशी सुटते ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बघा. तंदूरशेजारी भाजी चिरणाऱ्या मावशी उबोन रात्चाथानीच्या आहेत. त्यांच्या गावाकडे आज मेणाच्या प्रचंड कोरीव मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. त्यांचा नवरा एरवी रोज पिणारा. दरवर्षी खाओ फान्साला विहारात जाऊन शब्द देतो आणि वर्षावासाचे तीन महिने थेंब घेत नाही. त्याला कोणी अडवलेलं नसतं, घराखालच्या दुकानात बाटल्या मांडलेल्या असतात. असे लोक गावागावांत आहेत. त्यासाठी वर्षानुवर्षं मोहीम चालते, २००८ पासून खाओ फान्सा हा राष्ट्रीय मद्यमुक्ती दिनही आहे, आणि जी सरकारी आरोग्य संस्था त्यामागे उभी आहे तिला पैसा दारू-तंबाखूवरच्या दोन टक्के अधिभारातून मिळतो. हे काम चांगलं आहे. हे काम खरं आहे. माझ्या वस्तीत असं कोणी तीस वर्षांपूर्वी केलं असतं तर किती घरं वाचली असती. आणि त्याच दिवशी त्याच सरकारने गच्चीवरचे बार उघडून ठेवायचे!

मावशी काल दुपारच्या सुट्टीत मागच्या विहारात जाऊन आल्या. फूल, उदबत्ती, मेणबत्ती घेऊन तीन प्रदक्षिणा. म्हणाल्या, चल माझ्याबरोबर. मला जायचं होतं. सहा महिने ठरवत होतो की आषाढी पौर्णिमेला जायचंच. पण सणाचे दिवस, गर्दी, पाटी वाचून दाखवायला आणि शिव्या खायला कोणीतरी दारात उभं राहायला हवं, तर मी राहिलो. माझ्या धर्माच्या दिवशी मला विहारात जाता आलं नाही, कारण मी लोकांना बियर का मिळत नाही ते समजावत होतो.

आज परत तेच. हे लिहितोय तोवर दोन ग्रुप येऊन गेले, दोन्ही थेट समोर गेले. एकाने तर जाताना आमची लस्सी बरोबर घेऊन जाता येईल का विचारलं.

ऑक्टोबरात ऑक फान्सा आहे. मालकांना आत्ताच सांगून ठेवलंय की त्या दिवशी रेस्टॉरंटला पूर्ण कुलूप लावा, आणि म्यानमारच्या पोरासकट सगळ्यांना रोजी द्या. नाहीतर मला त्या दिवसाची रजा द्या, दारात पाटी धरायला दुसरा माणूस शोधा. "बघू," म्हणालेत. त्यांच्या 'बघू'चा अनुभव आहे, म्हणून अर्ज लेखी दिलाय आणि त्याचा फोटोही काढून ठेवलाय.