‘सत्तरीनंतर पडायचेच’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

कोल्हापुरात ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरणारा एक संदेश सांगतो, की सत्तरीनंतर पडणे अटळ असते, या वयात शिकवून उपयोग नसतो, तेव्हा एका जागी बसावे आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात.

पासष्टीपुढच्या साधारण एकतृतीयांश व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात, हे खरे. पण न पडणाऱ्यांचे वयही तेवढेच असते. पडण्यामागे बहुधा शोधता येण्याजोगी कारणे असतात: पायांतला घटलेला जोर, मोतीबिंदू, झोपेची गोळी किंवा उठताक्षणी उतरणारा रक्तदाब.

एका जागी बसण्याचा सल्ला तर उलटाच आहे, कारण बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात आणि तोल आणखी जातो. 108 चाचण्यांच्या 2019 सालच्या एकत्रित आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण 23 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रंकाळ्यावरची सकाळची फेरी जरूर मारावी. मात्र नुसत्या चालण्यावर विसंबू नये, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि हात न टेकता खुर्चीवरून उठणे असे तोलाचे व जोराचे व्यायामही हवेत. कॅल्शियमचा संबंध हाडांशी आहे, तोलाशी नाही.

राहिला शिकवण्याचा मुद्दा. नुसते पत्रक वाटून किंवा भाषण देऊन फारसे साधत नाही, एवढे मान्य करायला हवे. परंतु शिकवणे म्हणजे तेवढेच नव्हे. शिवाजी पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात रात्री आजींबरोबर अंथरुणापासून मोरीपर्यंत चालून पाहावे, म्हणजे उंच उंबरठा, दिव्याचे हाताला न लागणारे बटण, पावसाळ्यात शेवाळलेली फरशी आणि गुळगुळीत तळाचे पायताण या सगळ्या गोष्टी त्यांच्याच नजरेस आणून देता येतात, आणि आधाराची दांडी कुठे बसवायची हेही त्याच सांगतात. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे. पडल्यास, दुखापत नसेल तर, कुशीवर वळून गुडघ्यांवर यावे आणि भक्कम खुर्ची धरून उठावे, हेही करून दाखवून शिकवता येते. झोपेच्या किंवा इतर चालू गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत, त्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

बाहेर जाणे बंद होईल या धास्तीने अनेक वृद्ध पडल्याचे घरात सांगतच नाहीत, आणि ‘बसून राहा’ म्हणणारा हा संदेश नेमकी तीच धास्ती वाढवतो.