"चकचकीत खेळणं" म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

माझदा 787बी या शर्यतीच्या गाडीचं मी केलेलं मॉडेल, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. पुन्हा एकदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं, आपलाच काहीतरी वाचण्यात घोळ होतोय. घोळ नव्हता. खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. मॉडेल टामिया या जपानी कंपनीच्या 1/24 प्रमाणातल्या प्लास्टिक किटचं, सुटे भाग जोडून-रंगवून केलेलं. गाडी 1991 ची ले मान्स, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, जिंकलेली, 55 क्रमांकाची, नारंगी-हिरवी. तुमचे आक्षेप असे: क्लिअरचा (रंगावरच्या पारदर्शक लेपाचा) थर जाड झालाय आणि त्यात दाराच्या व मागच्या कव्हरच्या रेषा बुजल्यात. एका ठिकाणी डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राखाली) हवा राहून ते रुपेरी दिसतंय. चाकांची छटा चुकली आहे. वायपर चमकतोय. आणि या सगळ्याच्या वर, अगदी पहिल्या ओळीत: "ही गाडी चोवीस तास धावली होती याचा मॉडेलवर पत्ताच नाही. चकचकीत खेळणं झालंय!!!" शेवटी जाता जाता एक प्रश्न, पॉलिशला काय वापरलं.

मान्य करण्यासारखं आधी मान्य करतो. वायपर मॅट काळा हवा होता, तो क्लिअरच्या फवाऱ्यात सापडला. तुमची नजर तिथे गेली, त्याबद्दल आभार. मी टीका सहन न होणाऱ्यांपैकी नाही, हे यावरून लक्षात यावं.

आता ती तीन उद्गारचिन्हं. एक पुरलं असतं. मुद्दा मांडायचाच होता तर "गाडी जरा वापरलेली दाखवता आली असती" एवढं म्हणून भागत होतं, मी आनंदाने चर्चा केली असती. घरात येणारेजाणारे कपाटातल्या गाड्यांना खेळणी म्हणतात, त्यांचं मी हसून ऐकून घेतो, कारण त्यांनी हातात कधी सॅंडपेपर धरलेला नसतो. तुम्ही मात्र क्लिअर, डिकल, छटा असे शब्द वापरता, म्हणजे या वाटेने गेलेले आहात. स्प्रूवरून, म्हणजे किटच्या प्लास्टिक चौकटीवरून, भाग कापताना निब (उरणारं टोक) किती ठेवायचा आणि साच्याची रेघ कुठे घासायची, हे माहीत असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कामाला खेळणं म्हणावं, हे मला पटलं नाही. पटणारही नाही.

बरं, टोन बाजूला ठेवू. (ठेववत नाही, पण ठेवू.) मुद्द्याकडे येतो.

चोवीस तास धावलेली गाडी, असं तुम्ही म्हणता. पण कुठल्या क्षणीची गाडी? 1991 ची शर्यत 22 आणि 23 जूनला झाली. शनिवारी दुपारी सुरू झाली, रविवारी दुपारी संपली. 55 क्रमांकावर फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट आणि बर्ट्रांड गाशो असे तिघे चालक होते. मर्सिडीज पुढे होती, जग्वारचा ताफा होता, आणि सुरुवातीच्या रेषेमागे, ग्रिडवर, उभ्या असलेल्या या माझदाकडे कुणी फार लक्ष देत नव्हतं. त्या वेळी ती स्वच्छ होती. एका फेरीनंतर थोडी मळली, रात्री आणखी मळली, रविवारी दुपारी आघाडीची मर्सिडीज इंजिन तापून बाद झाली तेव्हा आमच्या नारंगी-हिरव्याचा अवतार बघण्यासारखा असणार. 362 फेऱ्या, 4,900 किलोमीटरच्या वर अंतर. हे मला तुम्ही सांगायची गरज नव्हती. हर्बर्ट शेवटचा टप्पा संपवून उतरला तेव्हा शरीरातलं पाणी इतकं कमी झालं होतं की तो विजयाच्या मंचावरही जाऊ शकला नाही, हेसुद्धा मला ठाऊक आहे. मी शनिवारची गाडी केली आहे. तुम्हाला रविवारची हवी होती. यात माझ्या कामाचा दोष कुठे आला?

शिवाय, हीच गाडी माझदाने त्या विजयानंतर पुन्हा शर्यतीत उतरवली नाही, जपून ठेवली. 2011 मध्ये, विजयाला 20 वर्षं झाली म्हणून, ती दुरुस्त करून ले मान्सला प्रदर्शनासाठी पुन्हा पळवली, हर्बर्टनेच चालवली. तेव्हाच्या फोटोंत ती कशी दिसते ते एकदा बघा. लख्ख. मग तीही चकचकीत खेळणं का?

मळाबद्दल बोलायचंच तर नीट बोलू, कारण यावर मी बराच विचार केला आहे आणि मगच तो न करण्याचं ठरवलं. एन्ड्युरन्स, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीवर मळ सगळीकडे सारखा बसत नाही. नाकावर आणि पुढच्या दिव्यांच्या काचांवर किडे. चाकांच्या कमानींच्या पुढच्या कडांवर खड्यांचे टवके. चाकांच्या मागे टायरच्या रबराचा चुरा, तोही हवेच्या दिशेने ओढलेला. रिमवर ब्रेकची भुकटी. ही तर रोटरी इंजिनची गाडी, पिस्टनऐवजी आत रोटर फिरतात; इंजिन आर26बी, चार रोटरचं. रोटरी थोडं तेल जाळतंच, रोटरच्या टोकांच्या सीलना वंगण लागतं म्हणून. त्यामुळे एक्झॉस्टजवळची काजळी वेगळी, तेलकट. हे सगळं ज्याला दाखवायचंय त्याने आधी त्या शर्यतीचे वेगवेगळ्या तासांचे फोटो गोळा करावेत, कुठला डाग कधी आला ते बघावं. नाहीतर होतं असं की स्पंज घेतला, काळ्या रंगात बुडवला, टपाटप मारला, आणि झाली गाडी "वापरलेली".

आता हिशेब करा. प्रमाण 1/24. खऱ्या गाडीवर खड्याने उडालेला टवका 3 मिलिमीटरचा धरला तर मॉडेलवर तो 0.125 मिलिमीटरचा हवा. स्पंजने बसणारा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा धरा. तो 24 ने गुणला की 12 मिलिमीटर. म्हणजे गाडीवर कुणी खडे नव्हे, दगडफेक केली. सेंटिमीटरभराचा किडा असेल तर तो 0.4 मिलिमीटरचा, आणि असे शेकडो, नाकावर दाट, काचेवर विरळ. हे हाताने बरोबर मारणारी माणसं जगात आहेत, मी त्यांना नमस्कार करतो. बाकीचे मळाच्या नावाखाली रंगकामातले दोष झाकतात. तुम्ही झाकता असं मी म्हणत नाही. तुमचं एकही मॉडेल मी पाहिलेलं नाही, कारण तुम्ही टोपणनावाने लिहिता आणि त्या नावाने शोधून काहीही सापडत नाही.

माझा अंदाज विचाराल तर तुम्ही रणगाडेवाले असावेत. रणगाड्याचा चिखल, गंज, पुसट झालेले आकडे, यात एक वेगळंच कसब आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण तिथली सवय घेऊन इथे आलं की प्रत्येक चकाकी खोटी वाटायला लागते. शर्यतीची गाडी ही मुळात प्रायोजकाची जाहिरात असते हो. रेनाउन ही जपानी कपड्यांची कंपनी, तिच्या नावाने ही रंगसंगती होती. कंपनी पैसे देते ते तिचं नाव मळकट दिसावं म्हणून नव्हे. संघाची माणसं शर्यतीआधी गाडी पुसत असतात, पॉलिश मारत असतात, आणि गुळगुळीत पृष्ठभागावरची घाण पिटमध्ये (शर्यतीत थांबून गाडीचं काम करायच्या जागी) पटकन निघते, हाही त्यात फायदा.

आणि चकाकी म्हणजे काय, हे मला शिकवू नका, ही नम्र विनंती. माझं लहानपण काकांच्या गॅरेजमध्ये गेलं. काका गाड्यांचं रंगकाम करायचे. पुट्टी भरणं, वॉटर पेपर मारणं, प्रायमर, पुन्हा पेपर, मग रंग, मग रबिंग. शाळेतून आल्यावर माझं काम ठरलेलं, बादलीत भिजवलेला पेपर घेऊन दार घासायचं. काका डोळ्यांनी बघायचेच नाहीत, तळहात फिरवायचे आणि सांगायचे, "इथे लाट आहे." आणि तिथे लाट असायची. बोटांची टोकं सोलवटून निघायची, पण मी पुन्हा घासायचो. संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत क्लिअर कसा बसतो, का बसतो, फवारा लांबून मारला तर काय होतं आणि जवळून मारला तर काय, हे मी कुठल्या व्हिडिओत पाहून शिकलेलो नाही. त्या गॅरेजमधून बाहेर पडलेल्या गाड्यांना कुणी खेळणं म्हटलं नाही. म्हणायची हिंमत नव्हती कुणाची.

तीच शिस्त मी या 20 सेंटिमीटरच्या प्लास्टिकवर वापरली. आधी पांढरा प्रायमर, कारण करड्यावर नारंगी मारला की तो मेलेला दिसतो. नारंगी आधी, मग टेप लावून मास्किंग, मग हिरवा, म्हणजे फिका रंग खाली आणि गडद वर. ती कर्णरेषांची रंगसंगती गोल कमानीवरून नेताना टेप कशी उचलते, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. टेपची कड नखाने दाबून, त्यावर आधी नारंगीचाच एक पातळ फवारा मारून फट बंद करायची आणि मगच हिरवा. नाहीतर हिरवा आत झिरपतो आणि मग रडत बसायचं. फोटोत ती कड बघा. तुमच्या प्रतिक्रियेत त्या कडेबद्दल एक शब्द नाही. पाच आक्षेप घ्यायला वेळ होता, कडेसाठी एक शब्द नव्हता.

राहिलेले मुद्दे. रेषा बुजल्या आहेत, हे तुम्हाला फोटोवरून वाटतंय. प्रकाश समोरून होता, त्यामुळे खोबणीत सावली पडली नाही. हातात घेऊन पाहिलंत तर दिसतील, दाराची तर नक्कीच. डिकलचं म्हणाल तर तो भाग वक्र आहे आणि डिकल मऊ करणारा सॉफ्टनर दोनदा लावूनही ते डिकल जे करायचं तेच करतं. ज्यांनी हे किट बांधलंय त्यांना विचारा. चाकांची छटा हा वादाचा विषयच होऊ शकत नाही. 1991 चे छापील फोटो, त्यांचे स्कॅन, आणि तुमचा पडदा, या तिन्हीतून गाळून आलेल्या छटेवर कुणी शपथ घेऊ नये.

एका वाचकाने तुमच्या प्रतिक्रियेखाली "क्लिअरचं मात्र बरोबर बोललात" असं लिहिलंय. त्यांनाही हेच उत्तर लागू. त्यांना वेगळं उत्तर देत नाही.

यापुढे इथे जरूर लिहा. टीका करा, चुका दाखवा, मी एकही प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, तुमचीही ठेवली आहे. फक्त स्वतःच्या एखाद्या मॉडेलचा फोटो जोडा. मळकट असला तरी चालेल. निदान काटेकोर माणसाशी बोलतोय की नुसत्या तोंडाळ माणसाशी, एवढं तरी कळेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो खरंच प्रश्न होता असं धरून चालतो. डिकल पूर्ण वाळू दिले. त्यावर लॅकर क्लिअरचे पहिले फवारे अगदी कोरडे, धुक्यासारखे, कारण ओला मारला की त्यातलं सॉल्व्हंट डिकल खातं, सुरकुत्या पडतात. ते वाळल्यावर ओले थर. मग गाडी झाकून ठेवली आणि बोटाचा ठसा उमटेनासा होईपर्यंत हात लावला नाही. त्यानंतर 2000 ग्रिटचा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, आणि कडांना अजिबात न शिवता, कारण कडेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि खालचा रंग लगेच उघडा पडतो. मग 3000, मग टामियाचं पॉलिशिंग कंपाउंड, आधी कोर्स, मग फाइन, शेवटी फिनिश. कापड मऊ सुती, धुतलेलं, आणि प्रत्येक कंपाउंडला वेगळं. शेवटचं कापड दुसऱ्या कशाला लावू नका, एक कण राहिला तरी पुन्हा 2000 पासून सुरू करावं लागतं. खोबणीत अडकलेलं पांढरं कंपाउंड जुन्या टूथब्रशने आणि कोमट पाण्याने काढायचं. ते मी काढलेलं आहे.