हिवाळ्यात स्पोर्ट्स कार दर रविवारी सुरू करायची? अजिबात नको

थंडीच्या तोंडावर जर्मनीतल्या हौशी गाडीवाल्यांत एक सल्ला हमखास फिरतो: स्पोर्ट्स कार हिवाळाभर बंद ठेवायची तर दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू करा, टाकी रिकामी ठेवा, हँडब्रेक घट्ट ओढा, गाडी जॅकवर उचला, वर ताडपत्री टाका आणि ऑइल वसंतात बदला. यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही.

‘दर रविवारी दहा मिनिटं.’ सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. तापलेल्या सायलेन्सरमधून ती वाफ बाहेर पडते. गारठलेल्या सायलेन्सरमध्ये तिचं पाणी होऊन तिथेच साचतं आणि आतून गंज धरतो. थंड इंजिनात पेट्रोलही जास्त सोडलं जातं. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्येच उतरतं. दहा मिनिटांत कूलंटचा काटा वर येतो म्हणून आपण समाधानी, पण ऑइल अजून गारच असतं. त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडायला ते ८०-९० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसंच राहावं लागतं, म्हणजे रस्त्यावर निदान अर्धा तास गाडी पळायला हवी. ऑइलच्या झाकणाखाली श्रीखंडासारखा पिवळट थर दिसला की समजा, रविवार पाळले गेलेत.

बरं, अर्धा तास पळवायची तर कुठे? यातल्या बऱ्याच गाड्यांना हंगामी नंबरप्लेट असते. प्लेटच्या कडेला ०४ आणि १० छापलेलं असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर सोडून गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं सोडाच, उभीही करता येत नाही.

राहिला बॅटरीचा मुद्दा. अलार्म आणि सेंट्रल लॉक मिळून बंद गाडीत ३० मिलिअँपिअर खातात असं धरलं, तर महिन्याला सुमारे २२ अँपिअर-तास जातात. ७० अँपिअर-तासांची बॅटरी सव्वातीन महिन्यांतच पार बसते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठून फुटू शकते; भरलेली उणे पन्नासलाही गोठत नाही. दहा मिनिटांच्या आयडलिंगने ही तूट भरत नाही. स्मार्ट चार्जर जोडून ठेवा, लिथियम बॅटरीला तिच्यासाठीचाच.

पोर्शे ९११ च्या ९९७ मॉडेलमध्ये तर वेगळीच गंमत. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली आणि त्या बॉनेटचं कुलूप विजेवरचं! बॅटरी बसली की बॉनेट उघडत नाही. मग स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी असलेल्या फ्यूज बॉक्समधलं धन टोक बाहेर ओढायचं, त्याला बाहेरच्या बॅटरीचं धन आणि दाराच्या उघड्या धातूच्या भागाला ऋण जोडून किल्लीने बॉनेट उघडायचं. या टोकावरून सेल्फ मात्र मारायचा नाही.

‘टाकी रिकामी ठेवा.’ रिकाम्या टाकीत दमट हवा जाते. जुन्या गाड्यांच्या पत्र्याच्या टाक्या अशाच सडतात. टाकी भरा, पण नोझल पहिल्यांदा बंद पडलं की थांबा. ई१० म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई५ मध्ये ते पाच टक्क्यांपर्यंत. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून शेवटची टाकी ई५ ची. पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घालायचा तर गाडी आत लावण्याआधी, म्हणजे तो पाइप आणि इंजेक्टरपर्यंत पोचेल.

‘हँडब्रेक ओढा.’ ब्रेक पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला गंजून चिकटतात. गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

‘जॅकवर उचला.’ चाकं लोंबकळत राहिली की सस्पेन्शनचे रबरी बुश चार-पाच महिने पिळलेले राहतात. त्यापेक्षा हवा नेहमीपेक्षा अर्धा बार जास्त भरा, टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत. उचलायचीच असेल तर स्टँड चाक धरणाऱ्या कंट्रोल आर्मखाली घ्या, म्हणजे चाकं लोंबकळत नाहीत. ट्रॅकसाठीचे मऊ टायर, उदाहरणार्थ मिशेलिनचे कप २, उणे सातच्या खाली जाऊ देऊ नका. गारठलेल्या रबरावर गाडी हलवली की ट्रेडला चिरा पडतात.

‘ताडपत्री टाका.’ ओल आत कोंडते. हवा खेळणारं कापडी कव्हर, आणि तेही गाडी धुऊन, थोडी चालवून ब्रेक सुकवल्यावरच. उबदार गॅरेज उत्तम, हाही अर्धाच खरा सल्ला: शेजारी रोजची गाडी मीठ-बर्फाने माखून येत असेल, तर त्या उबेत गंज अधिक जोराने धरतो. थंड पण कोरडी जागा बरी.

‘ऑइल वसंतात.’ वापरलेल्या ऑइलमधली आम्लं आणि ओल बेअरिंगवर हिवाळाभर बसून राहते. फिल्टरसकट बदल आधीच करा. कूलंट निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ पर्यंत काळजी नाही.

उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूलचा बोळा कोंबला असेल, तर तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा.