ओहम सांगता, मग बाकीचं का गिळता?

हेडफोनच्या खोक्यावर इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम दिसला की कुणीतरी ठणकावून सांगणारच, "मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागेल बघ!" अरे, नुसत्या ओहमवरून काय कळतं? ३०० ओहमला व्होल्टेज जरा जास्त लागतं, करंट मात्र नगण्य. उलट कित्येक प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन ५० ओहमच्या आतबाहेरचे, पण अ‍ॅम्पचा घाम काढतात. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर आवाज किती मोठा येतो, ती बघा ना जरा!

बरं, ती बघायला जावं तर तिथे नुसतं '१०० डीबी' (डेसिबल). एका मिलिवॅटला की एका व्होल्टला? ३२ ओहमच्या हेडफोनला या दोन्हींत तब्बल १५ डीबींचा फरक पडतो. तेवढं लिहायला यांची शाई संपते!

अ‍ॅम्पवाले त्याहून वस्ताद. ३२ ओहमला किती वॅट ते ठळक अक्षरांत, ३०० ओहमला किती ते गुलदस्त्यात. आणि अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स? तो तर घरातल्या भानगडीसारखा झाकलेला. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाहून तो कमी असलेला बरा, नाहीतर बऱ्याच डायनॅमिक (नेहमीच्या कॉइलवाल्या) हेडफोनांचा बेस फुगतो. हे काय त्यांना ठाऊक नाही? मॅन्युअलमध्ये ढीगभर भाषांत 'कान सांभाळा' छापतात, हा एक आकडा तेवढा मावत नाही.

विचारलंच, तर उत्तर तयार: "ऐकून बघा, आवडलं तर घ्या."