लाल फूल सुटलं, चमकी धरा

डिसेंबर लागला की सोलापुरातल्या आमच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो : "नाताळचं लाल फूल कुत्र्या-मांजरांना जीवघेणं. झाड प्लास्टिकचं घ्या आणि निर्धास्त राहा. एलईडीची माळ गार असते, चावली तरी काही होत नाही. काही गिळलंच तर उलटीसाठी मिठाचं पाणी पाजा." चार सल्ले, त्यातला एकही धड नाही.

लाल फूल म्हणजे पॉइन्सेटिया. १९१९ साली हवाईत त्याचं पान खाऊन एक मूल दगावल्याची कथा पसरली; तिला आधार कधी सापडला नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या २२,७९३ नोंदींचा अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. नोंदी माणसांच्या होत्या, पण मृत्यू एकही नव्हता. मांजराने पान चावलं तर चिकामुळे तोंड चुरचुरतं, लाळ गळते, एखादी उलटी होते. बस्स.

प्लास्टिकचं झाड घेतलं, ठीक. पण त्यावर टांगता काय? चमकीच्या झिरमिळ्याच ना! मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, आतच सरकतो. त्याचं एक टोक जिभेखाली नाहीतर जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं. आतडं बाकीचा दोरा पुढे ढकलत राहतं आणि नाडी ओढल्यावर नेफ्याला पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात. मग दोरा करवतीसारखा आतडं कापतो.

मागाच्या गावात हे चमकीशिवायही घडतं. आमच्या मनीने टॉवेलच्या दशा गिळल्या होत्या. तोंडातून बोटभर सूत लोंबत होतं आणि आई ते ओढायला निघाली होती. मी तिचा हात धरला म्हणून बरं. डॉक्टरांनी जीभ उचलून दाखवली, तर सुताचा फास मुळाशी रुतलेला. पोट उघडावं लागलं. दोरा तोंडातून लोंबत असो की मागून, ओढायचा नाही. तसंच उचलून दवाखाना गाठायचा.

एलईडी गार असते, हे खरं. पण चटका बल्बचा नसतो, विजेचा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त माळा थेट २३० व्होल्टच्या प्लगात जातात. पिल्लाने वायर चावली तर तोंड भाजतंच, शिवाय फुप्फुसात पाणी काही तासांनंतरही भरू शकतं. म्हणून "खेळतंय की ओ" म्हणत घरी बसू नये.

मिठाचं पाणी तर सरळ घातक. रक्तातलं सोडियम चढून झटके येतात. झाडावरच्या काचेच्या गोळ्याचा तुकडा गिळला असेल, तर उलटीत तो अन्ननलिका पुन्हा चिरत वर येणार.

आणि मेसेजमध्ये केकचं नावच नाही! मनुके कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात. डार्क चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हृदयाचे ठोके बिघडवतं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं, तर एकाच काकूंचं उत्तर आलं, "मग यंदा फूल आणायचं का?"

आणा की, काकू. फक्त तुमच्याकडे मांजर आहे, तेव्हा गुच्छात लिली नको. अंगावर पडलेले तिचे परागकण चाटले, तरी मांजराची किडनी जाते.