दिव्याच्या खांबावरील स्मॉल सेलविषयी खुलासा

रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवर बसवलेल्या लहान पेट्या, म्हणजेच स्मॉल सेल (थोड्या परिसराला मोबाइल सेवा देणारी छोटी प्रक्षेपण उपकरणे), हे ‘लपवलेले टॉवर’ असून त्यांतून मोठ्या टॉवरइतक्याच लहरी बाहेर पडतात, असा संदेश मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे. स्मॉल सेलची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे काही वॅट किंवा त्याहूनही कमी असते; गच्चीवरच्या टॉवरचा एकेक प्रक्षेपक मात्र अनेकदा २० ते ४० वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीने चालतो.

दादर स्थानकाबाहेर संध्याकाळी सिग्नल पूर्ण दिसूनही इंटरनेट रखडते, कारण एकाच सेलची (एका प्रक्षेपकाच्या टप्प्यातील परिसराची) क्षमता हजारो प्रवाशांत वाटली जाते. स्मॉल सेल तीच स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठीच्या रेडिओ लहरींचा पट्टा) थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा वापरतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला अधिक वेग येतो. शिवाय सेल जवळ असल्याने खुद्द आपला मोबाइलही कमी शक्तीने प्रक्षेपण करतो, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमकी हीच महत्त्वाची बाब वगळली आहे.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. काळजी वाटणे स्वाभाविक आहे, परंतु कृपया हा संदेश पुढे पाठवू नये.