बारा तारांची गिटार? हात न लावताच घ्या!

बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय ना? मग चुकूनही वाजवून बघू नका. वाजवली की शंका येतात, शंका आल्या की पैसे वाचतात, आणि पैसे वाचवून करायचं काय?

फोटो झूम करा. सनबर्स्ट, म्हणजे मध्ये उजळ नि कडेला गडद रंग, झकास दिसतोय? झालं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 1964 साली रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची वाजवली होती, ही तशीच दिसते, म्हणजे वाजेलही तशीच.

नेकची, म्हणजे बोटं फिरतात त्या दांडीची, रुंदी विचारू नका. बोटं मावत नाहीत हे कुरिअरवाला गेल्यावर कळलं तरी चालतं.

पट्टा लावून उभे राहू नका. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, जमिनीकडे निघतो.

ट्रायलसाठी नाशकातून पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, तर बघायचंच नाही. परवा भाच्याने अशीच एक ऑनलाइन मागवली. "मामा, जरा ट्यून करून दे ना." बसलो. बारा तारांच्या सहा जोड्या. जाड चार जोड्यांत एक तार मूळ सुराची, दुसरी सप्तकभर वरची. दोघींना लांबी वेगवेगळी लागते, पण ती लांबी ठरवणारे ब्रिजवरचे सरकते तुकडे, म्हणजे सॅडल, मिळून सहाच! मोकळ्या तारा सुरात. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, दाबलं की जाड तार चढी. सॅडल मागे घेतलं, जाड आली जागेवर, तर बारीक उतरली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. स्क्रूड्रायव्हरने अंगठा सोलला. त्यात जी-ची बारीक तार तट्‌कन तुटून गालावर! ती एक तार नाशकात मागून बघा. "सेटच घ्यावा लागेल, मागवून देतो." फेंडर कंपनीने 1965 सालीच बारा तारांना बारा सॅडल दिले होते हो! कस्टमर केअरची ताई म्हणते, "सर, ट्यूनिंग हा डिफेक्ट नाही." अहो ताई, ट्यूनिंग नाही, इंटोनेशन! मोकळी तार सुरात, दाबली की बेसूर! "सर, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?"

असो. सल्ला देत होतो.

नाही, बास झाला सल्ला. अरे, पावशेर भेंडी घेताना टोक मोडून बघता ना? मग इथे हजारो रुपये डोळे झाकून कसे सोडता? आणि आमचे गावातले दुकानदार! गिटार भिंतीवर टांगायची आणि वर "हात लावू नका, स्क्रॅच पडतात, आधी अ‍ॅडव्हान्स भरा." वाद्य विकता की फोटोफ्रेम? एक अ‍ॅम्प, एक केबल ठेवायला काय धाड भरते? पोरं ऑनलाइन जातात ती तुमच्यामुळे, मग "नाशकात धंदा नाही" म्हणून गळे काढू नका.

आणि पोरांनो, सहाही जोड्या बाराव्या फ्रेटवर स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. दिलेत तर निस्तरा. माझ्या दाराशी यायचं नाही.